कपडेपटाचं दार: कार्ड, पोटनियम आणि समानता

२०१४ सालच्या नोव्हेंबरपर्यंत मुंबईच्या चित्रपटसृष्टीत एक नियम चक्क कागदावर होता. मेकअप पुरुषाने करायचा, केस बाईने बांधायचे. नायिकेच्या चेहऱ्याला रंग लावणारा पुरुषच हवा आणि तिचा अंबाडा घालणारी बाईच हवी. बाईने मेकअपचा ब्रश हातात घेतलेला दिसला तर काम बंद, शिवाय दंड. सेटवर रुळलेली सवय म्हणून हे चालत होतं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. संघटनेच्या पोटनियमांतच ते लिहिलेलं होतं आणि संघटना सरकारदरबारी रीतसर नोंदलेली होती.

संघटनेचं नाव सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट्स अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन. नाव लांबलचक आहे, पण त्यात कपडे, मेकअप आणि केस अशी तीन खाती एकाच छत्राखाली येतात. म्हणून मेकअपच्या या नियमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेला चारू खुराणा यांचा खटला कपडेपटात काम करणाऱ्याने, किंवा करू पाहणारीने, नीट समजून घ्यायला हवा. समानता म्हटलं की आपण लोकांच्या मनोवृत्तीबद्दल बोलू लागतो. या धंद्यात मनोवृत्तीच्या आधी कार्ड येतं, म्हणजे संघटनेच्या सदस्यत्वाचं ओळखपत्र.

कार्डाचं गणित असं. मुंबईत चित्रीकरणाला लागणाऱ्या बहुतेक कामांच्या वेगवेगळ्या संघटना आहेत: कॅमेऱ्याची वेगळी, लाइटवाल्यांची वेगळी, स्पॉटदादांची वेगळी. या सगळ्या मिळून फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज, म्हणजे सेटवरच्या भाषेत नुसतं ‘फेडरेशन’. निर्मात्यांच्या संस्था आणि फेडरेशन यांच्यात दर, शिफ्ट, ओव्हरटाइम यांचे करार होतात आणि त्याबरोबर अपेक्षा असते की निर्मात्याने कार्डधारकांनाच काम द्यावं. संघटनेचे लोक सेटवर येऊन कार्डं तपासतात. विनाकार्ड कुणी सापडलं तर त्या माणसाला त्रास होतोच, निर्मात्याचंही चित्रीकरण अडतं. एका दिवसाच्या अडलेल्या चित्रीकरणाचा खर्च एवढा असतो की वाद घालत बसण्यापेक्षा विनाकार्ड माणसाला घरी पाठवणं कुठल्याही निर्मात्याला स्वस्त पडतं. कायद्याने कार्ड सक्तीचं नसलं तरी प्रत्यक्षात कार्ड नाही म्हणजे काम नाही.

या पद्धतीत वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. बुडवलेली मजुरी वसूल करून देणं, अपघात झाला की निर्मात्याच्या दारात उभं राहणं, ही कामं संघटनांनीच केली आहेत. सेटवर कपडे सांभाळणाऱ्या एकट्यादुकट्या ड्रेसदादाचं ऐकणार कोण? पण जी संघटना आतल्यांचं रक्षण करते, तीच बाहेर कोण राहणार हेही ठरवते. पन्नासच्या दशकात स्थापन झालेल्या या संघटनेने बायकांना मेकअपच्या कामाबाहेर ठेवलं.

चारू खुराणा यांनी लॉस एंजेलिसमध्ये मेकअपचं शिक्षण घेतलं होतं. २००९ मध्ये त्यांनी मेकअप आर्टिस्टच्या कार्डासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. हेअर ड्रेसरचं कार्ड घ्या, ते देतो, असा एकूण पवित्रा. राष्ट्रीय महिला आयोग, कामगार संघटनांचे निबंधक अशा पायऱ्या चढून झाल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा व न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सुनावणीच्या वेळी आपण २०१४ मध्ये आहोत, १९३५ मध्ये नाही, अशा अर्थाचं न्यायालयाने सुनावलं होतं, ते तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं.

संघटनेचं म्हणणं थोडक्यात असं होतं की बायकांना मेकअपचं काम खुलं केलं तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. दोघांनाही काम मिळावं म्हणून ही वाटणी आहे. वरवर हे समंजस वाटतं. मग वाटणीतला मोठा आणि जास्त मानाचा वाटा कुणाकडे आहे ते बघावं.

कायद्याचा पेच मात्र खरोखर अवघड होता आणि निकालातला मला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच वाटतो. राज्यघटनेतले समानतेचे हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरता येतात. कामगारांची संघटना म्हणजे सरकार नव्हे, मग तिला घटनेतलं १४ वं कलम कसं लावायचं? त्यात १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याचं कलम २१ संघटनेच्या बाजूने होतं. पंधरा वर्षं पूर्ण झालेली कुणीही व्यक्ती संघटनेची सदस्य होऊ शकते, असं ते कलम म्हणायचं, पण पुढे एक अट जोडायचं: संघटनेचे नियम त्याच्या विरुद्ध नसतील तर. संघटना म्हणणार, आमचे नियम विरुद्ध आहेत, मिटला विषय.

न्यायालयाने विषय मिटू दिला नाही. संघटना स्वतःची स्वतः उभी राहिलेली नाही, ती कायद्याखाली नोंदलेली आहे. तिचे नियम निबंधकाकडे जातात आणि निबंधक हा कायद्याने नेमलेला अधिकारी असतो. तेव्हा नियम करायची मोकळीक म्हणजे घटनेला धाब्यावर बसवायची मोकळीक नव्हे, असा त्या निकालाचा गाभा आहे. बाई आहे म्हणून कार्ड न देणं हे समानतेच्या, व्यवसाय करण्याच्या आणि सन्मानाने जगण्याच्या हक्कांवर घाला ठरलं. तशी पोटनियमांतली कलमं रद्द झाली आणि अर्जदार बायकांना सदस्य करून घेण्याचा आदेश निघाला.

याच निकालात आणखी एक अट गेली, तिची चर्चा मराठीत जवळजवळ झालीच नाही. सदस्य व्हायला महाराष्ट्रात आधीची पाच वर्षं वास्तव्य असावं, असा तो नियम होता. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो मनातून पटेल, हे मला ठाऊक आहे. पण त्या नियमात मराठी असण्याचा प्रश्न कुठेच नव्हता. बेळगावात वाढलेली मराठी मुलगी, पणजीहून आलेला तरुण, इंदूरच्या मराठी घरातली कुणी, हे सगळे पाच वर्षं महाराष्ट्रात हे काम नसताना काढायला तयार असतील तरच आत येणार. पाच वर्षं या कामाशिवाय महाराष्ट्रात राहणं ज्याला परवडतं त्यालाच कार्ड, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता.

बायकांना बाहेर ठेवणारा नियम आला कुठून, असं कुणी विचारेल. रंगभूमीपर्यंत मागे गेलं की बरंच उलगडतं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट केला तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली, कारण बाई मिळेना. त्याच वर्षी त्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला गोखले उभ्या राहिल्या. संगीत नाटकात बालगंधर्व कितीतरी वर्षं स्त्रीभूमिका करत राहिले आणि त्यांनी नेसलेल्या लुगड्यांची, माळलेल्या गजऱ्यांची नक्कल घरोघरच्या बायकांनी केली. पुरुषाने बाई सजवायची, पुरुषानेच नेसायचं आणि रंगपटात सगळे पुरुषच, ही घडी सिनेमाच्या जन्माआधीच बसलेली होती. पडद्यावर बाई आली तरी पडद्यामागची घडी मोडली नाही.

आता नुसत्या कपडेपटाकडे येऊ. इथली विषमता मेकअपइतकी ढळढळीत नाही, म्हणून ती जास्त टिकते. कपडेपट दुमजली आहे. वरच्या मजल्यावर कॉस्च्युम डिझायनर, त्यांचे सहायक, स्टायलिस्ट. खालच्या मजल्यावर ड्रेसदादा, टेलर मास्टर, जरीकाम करणारे कारागीर, इस्त्रीवाले, धुलाईवाले. मुंबईत या दोन मजल्यांच्या संघटनासुद्धा वेगळ्या आहेत. डिझायनर कला दिग्दर्शकांच्या सोबत एका संघटनेत, आणि ड्रेसदादा मेकअप-केसवाल्यांच्या सोबत दुसऱ्या. वरचा मजला आता बऱ्यापैकी बायकांनी भरलेला आहे, त्यातल्या अनेक फॅशन डिझाइन शिकलेल्या आणि इंग्रजीत सहज वावरणाऱ्या. खालच्या मजल्यावर बहुतेक पुरुष, आणि काम शिकण्याची वाट म्हणजे काका, मामा किंवा गाववाला. बायका किती, एवढं एकच मोजून कपडेपटात समानता आली म्हणणाऱ्याने नुसता वरचा मजला पाहिलेला असतो.

खालच्या मजल्यावरचं काम बिनडोक समजण्याची चूक मात्र करू नये. मारामारीच्या दृश्यासाठी एकाच शर्टाच्या चार-सहा प्रती लागतात: एक कोरी, एक मळलेली, एक फाटलेली, एक रक्ताची, शिवाय स्टंट करणाऱ्याच्या मापाची. नवं कापड जुनं दिसावं म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवतात, पॉलिश पेपरने घासतात. चित्रपटात सलग दिसणारं दृश्य प्रत्यक्षात महिनाभराच्या अंतराने घेतलेलं असतं. तेव्हा बाही किती दुमडली होती, वरचं बटण उघडं होतं की लावलेलं, घामाचा डाग कुठपर्यंत होता, हे लक्षात ठेवणारा ड्रेसदादाच असतो. दैनंदिन मालिकेत तर हे रोजच्या रोज, दहा-बारा पात्रांचं. कागदावर शिफ्ट आठ तासांची, प्रत्यक्षात बारा तासांची, आणि कपडेपट इतरांच्या आधी येतो, सर्वांत शेवटी जातो. मालिकांत पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत आहे. तीन महिने उधारीवर काढू शकेल असाच माणूस मग या धंद्यात टिकतो. एकटी राहणारी, घरभाडं भरणारी, गावाकडे पैसे पाठवणारी मुलगी टिकत नाही, आणि तिला कुणी नाही म्हटलेलंही नसतं.

वरच्या मजल्याचाही स्वतःचा एक सल आहे. भारताला पहिला ऑस्कर मिळाला तो कपड्यांसाठी, आणि मिळवला कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी, १९८३ साली, ‘गांधी’ चित्रपटासाठी, जॉन मोलो यांच्या जोडीने. राजोपाध्ये घराण्यातली ही मुलगी, वडील चित्रकार, स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टची विद्यार्थिनी. बॉम्बे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली होती. पन्नासच्या दशकापासून त्यांनी हिंदी चित्रपटांना कपडे दिले. एवढं असूनही कपडे म्हणजे बायकांची हौस आणि सेट म्हणजे पुरुषांचं खरं काम, ही समजूत काही हलली नाही.

ही समजूत मुंबईपुरती नाही. ऑस्करमध्ये कला दिग्दर्शनाला पहिल्या सोहळ्यापासून, १९२९ पासून, पारितोषिक आहे. वेशभूषेला ते १९४९ मध्ये मिळालं, वीस वर्षांनी. हॉलिवुडमध्येही डिझायनरांची संघटना वेगळी आणि कपडे सांभाळणाऱ्यांची वेगळी. तिथल्या डिझायनरांच्या संघटनेने गेल्या काही वर्षांत उघड मोहीम चालवली आहे. त्यांची तक्रार साधी आहे: सेट रचणारा आणि कपडे रचणारी, दोघं दिग्दर्शकाच्या एकाच बैठकीत बसतात, जबाबदारी सारखी, तरी करारातला किमान दर आपला कमी. एका खात्यात बहुसंख्य पुरुष आणि दुसऱ्यात बहुसंख्य बायका असल्या की असं होतं. समान कामाला समान दाम हा नियम इथे लंगडा पडतो, कारण दोघांचं काम ‘समान’ नसून समान मोलाचं आहे. आणि मोल ठरवतो तो करार, जो पूर्वीपासून चालत आलेला असतो. वंशाची भिंत तर आणखी उशिरा पडली: वेशभूषेचा ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणजे रूथ कार्टर, आणि साल २०१९.

विविधतेचा मुद्दा निघाला की काही जण कंटाळतात, सरकारी फॉर्म भरल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी नऊवारीचं उदाहरण पुरेल. नऊवारी एकाच पद्धतीची नसते. पेशवाई नेसण वेगळी, शेतात वाकून काम करणाऱ्या बाईचा काष्टा वेगळा, कोळणीचं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं आणखी वेगळं. गाव, जात, काम, वय, सगळं त्या निऱ्यांत दिसतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या स्त्रियांना सांगितलं होतं की लुगडं सवर्ण बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाकून द्या. ते ऐकून बायकांनी नेसण बदलली. म्हणजे लुगड्याची किनार किती खाली यावी, यावरही लढा झालेला आहे. हा इतिहास ज्या घरांत आजी सांगते, त्या घरांतलं कपडेपटात कुणी असेल तर १९२५ सालची आणि १९३५ सालची बाई पडद्यावर वेगळी दिसेल. नसेल तर गावातल्या सगळ्या जातींच्या बायका एकाच पेशवाई नऊवारीत, एकाच ठुशीत आणि एकाच मोठ्या नथीत उभ्या राहतात, आणि आपण मालिका बघत म्हणतो, छान केलंय हो पारंपरिक.

तृतीयपंथी लोकांचंही असंच. नाच, साज, साडी नेसवणं, मेकअप यांत त्यांच्यातल्या अनेकांचा हात बसलेला असतो. चारू खुराणा निकालाच्या काही महिने आधी, एप्रिल २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली आणि २०१९ च्या कायद्याने नोकरीत त्यांच्याशी भेदभाव करायला मनाई केली. ज्या धंद्यात कार्ड ‘पुरुषाचं’ आणि ‘बाईचं’ असं विभागलेलं होतं, तिथे हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचायला हवेत. ती विभागणी पडली की तिसऱ्या रकान्याचा प्रश्नच उरत नाही.

निकालाने काय केलं आणि काय नाही, हे आता सरळ सांगतो. त्याने दार उघडलं. दाराच्या आत काम कसं वाटलं जातं, याला न्यायालय हात घालू शकत नाही. कपडेपटातली भरती जाहिरातीने होत नाही, फोनवर होते: ‘उद्या दोन माणसं हवीत, तुझी पाठव.’ ‘तुझी’ म्हणजे ओळखीची. त्यात कुणी मुद्दाम कुणाला वगळत नाही, पण ओळखी आपापल्या जातीत, गावात, मोहल्ल्यात असतात आणि माणसं तिथूनच येतात. कायदा पोटनियम रद्द करू शकतो, फोनमधली नावं नाही. ते काम डिझायनरांचं आणि निर्मात्यांचं आहे. नवशिक्यांच्या जागा उघड जाहीर करणं, त्यांना पहिल्या दिवसापासून पैसे देणं, एवढंही फार बदल घडवतं. फुकट उमेदवारी करून घेणं हे माझ्या मते या धंद्यातलं सर्वांत मोठं गाळणं आहे, कारण त्यातून फक्त खात्यापित्या घरची मुलं खाली उतरतात.

दुसरी गोष्ट अगदीच साधी: शौचालय. केरळ सरकारने मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या परिस्थितीवर न्या. हेमा समिती नेमली होती. तिचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा गाजला तो लैंगिक छळाच्या भागामुळे, आणि ते योग्यच होतं. पण त्याच अहवालात बाहेरच्या चित्रीकरणाला शौचालय नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून बायका पाणी पिणं टाळतात, हेही आहे. नायिकेला व्हॅनिटी व्हॅन मिळते. तिची साडी घेऊन उन्हात उभ्या असलेल्या मुलीला त्या व्हॅनचं शौचालय वापरता येईलच असं नाही. बाईला कार्ड मिळालं पण बारा तासांत शौचालय मिळालं नाही, तर ती वर्षभरात धंदा सोडते, आणि मग लोक म्हणतात, बायकांना हे काम जमत नाही.

छळाची तक्रार कुठे करायची, हाही चित्रीकरणात गुंतागुंतीचा प्रश्न आहे, कारण कंपनी एका चित्रपटापुरती असते आणि पॅकअप झालं की माणसं पांगतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती लागते. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चित्रपटाचं निर्मिती युनिट हीच कामाची जागा, तेव्हा समिती तिथे हवी. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन.

कायद्यात आणखी एक मोठी फट होती. चित्रपट कामगारांसाठीचा १९८१ चा कायदा लेखी कराराशिवाय कुणाला कामावर ठेवू नका असं सांगायचा, पण तो कथापटांपुरता. मालिका, जाहिरात, वेब सिरीज यांतले ड्रेसदादा त्यात बसत नसत, आणि आज रोजचं काम तर तिथेच जास्त आहे. कामाच्या सुरक्षिततेबाबतच्या २०२० च्या संहितेने ‘दृक्‌श्राव्य कामगार’ अशी व्याख्या केली. तिच्यात मालिका, रिअॅलिटी शो, जाहिराती, वेबवरची निर्मिती सगळं येतं, आणि कंत्राटदारामार्फत घेतलेला माणूसही येतो. ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. सोबतच्या वेतन संहितेने मजुरीत आणि भरतीतही लिंगावरून भेद करायला मनाई केली आहे.

तेव्हा लातूरहून किंवा सावंतवाडीहून कुणी कपडेपटात यायला निघालं असेल, तर पहिला सेट मिळण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. करार लेखी आहे का आणि त्यावर माझं पद काय लिहिलंय: सहायक डिझायनर की ड्रेसमन, कारण दर, संघटना आणि श्रेयनामावलीतली जागा तिन्ही त्यावर ठरतात. शिफ्ट किती तासांची आणि नंतरच्या तासांचे पैसे कोण देणार. पैसे किती दिवसांनी. आणि अंतर्गत समितीवर कोण आहे, त्यांचा नंबर कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या पत्रकावर, छापलाय का.

कार्डासाठी संघटनेकडे गेल्यावर अर्ज तोंडी नाकारला, तर नकार लेखी मागावा. चारू खुराणा यांचा खटला उभा राहू शकला तो नियम लेखी होता म्हणून.